त्यांनी आरतीचं ताट घेतलं नाही म्हणून

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

काल फोनवर आवाज चढला, बाबा, त्याचं रात्रभर वाईट वाटत राहिलं. पण विषय सोडवत नाही, म्हणून लिहितेय.

गल्लीतल्या ड्रेनेजसाठी ज्या बाईंनी दोन वर्षं चकरा मारल्या, त्या आपल्या वॉर्डातून पार्षदाच्या निवडणुकीला उभ्या राहणार म्हटल्यावर तुम्हीच किती खूश होतात! मग गणपतीत मंडळात त्यांच्यापुढे ताट धरलं, तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "माझी श्रद्धा नाही, खोटं कशाला करू? तुमचं होऊ द्या, मी थांबते." आणि कापूर विझेपर्यंत थांबल्या. मी शेजारीच होते. घरी येताना तुम्ही म्हणालात, "जिला देवाचं भय नाही, तिला मत कसं द्यायचं?"

मला आजोबा आठवले. कापड मिलमधली पाळी संपवून यायचे तेव्हा भुवयांवर कापूस बसलेला असायचा, असं तुम्हीच सांगता. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांकीसाठी, त्या चालत्या देखाव्यासाठी, ते रात्र-रात्र मिलमध्ये जागायचे. त्याच आजोबांनी 1962 साली होमी दाजींना मत दिलं. पारशी घरातला, अपक्ष उभा राहिलेला कम्युनिस्ट! आपल्या इंदूरनं त्यांना लोकसभेत पाठवलं. ते देव मानतात का, हे आजोबांनी विचारलं नव्हतं. मजुरांच्या बाजूनं उभे राहतात, एवढं त्यांना पुरलं.

नेहरू आणि सावरकरांवरून तुमचं नि काकांचं किती वाजायचं. पण आपल्यामागे धार्मिक विधी करू नयेत, असं दोघांनीही लिहून ठेवलं होतं. नेहरूंचं ऐकलं गेलं नाही, ते वेगळं. श्रद्धा नाही म्हणून यांतल्या कुणाला तुम्ही कधी बेभरवशाचा म्हटलंत का? आपली राज्यघटनासुद्धा ईश्वरसाक्ष शपथ किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा, दोन्ही चालवून घेते. मग आपल्या वॉर्डानं का अडवावं?

आज अशा माणसाला निवडून येणं अवघड आहे, हे मलाही दिसतं. तिकीट मिळालं की आधी मंदिर, मग प्रचार. ज्यांच्या मनात काही नाही तेही टिळा लावून फिरतात. करुणानिधी उघड नास्तिक असून तमिळनाडूचे पाच वेळा मुख्यमंत्री झाले, पण त्यांच्यामागे पेरियारांची देव-धर्म नाकारणारी कित्येक वर्षांची चळवळ होती. या बाईंमागे फक्त आपली गल्ली आहे. आपणच तोंड फिरवलं, तर पुढच्या वेळी त्याही मुकाट्यानं ताट हातात घेतील, आणि आपण एका खऱ्या माणसाला खोटं वागायला शिकवलेलं असेल. याचंच मला फार वाईट वाटतं, बाबा.

आई, तू दिलेली समई मी रोज लावते. माझी श्रद्धा आहे तिथंच आहे, काळजी करू नकोस.

दिवाळीत येतेय. त्या बाईंना फराळाला बोलावशील का? मागच्या बोळातली लाइन अजून तुंबते म्हणालीस, तेही त्यांच्या कानावर घालू.

तुमची,
लेक