आधी विमान उडव, मग इंजिनाची विचारपूस कर: सिम्युलेटरच्या सरांना उघड पत्र

मुंबई

आदरणीय कॅप्टन सर,
सा. न. वि. वि.

तुमच्या निवृत्तीला शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली, आणि ज्याचे आभार मानायचे ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र. उघड अशासाठी की ए-३२० वर (एअरबसच्या दोन इंजिनांच्या विमानावर) नव्याने येणाऱ्या मुलामुलींनाही ते वाचता यावं. टेकऑफला इंजिन गेलं तर काय करायचं, याबद्दलच्या तुमच्या एकाच वाक्याचे खरं तर हे आभार आहेत, आणि ते आम्ही वर शीर्षकातच लावून टाकलंय.

व्ही-वन (ज्यानंतर टेकऑफ सोडून थांबायचं नाही तो वेग) हा विचार करण्याचा वेग नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहायचात. विचार त्याआधी झालेला हवा. थांबायचं असेल तर व्ही-वनला थांबण्याची पहिली कृती सुरू झालेली हवी. १४० नॉटला विमान सेकंदाला ७२ मीटर धावतं. "थांबू की जाऊ" यात दोन सेकंद घालवले की दीडशे मीटर धावपट्टी मागे पडली, आणि ब्रेक अजून लागलेलेच नाहीत. १०० नॉटच्या आत बारीक कारणासाठीही थांबता येतं. त्यानंतर फक्त इंजिन जाणं, आग, किंवा विमान उडणारच नाही अशी स्थिती. आणि व्ही-वनला कॅप्टनने हात थ्रस्ट लिव्हरवरून (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्यावरून) काढून घ्यायचा, कारण हात तिथे राहिला तर लिव्हर मागे ओढला जाण्याची भीती.

मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर थांबण्याचा मोह जास्त. साडेतीन किलोमीटरला थोडी कमी अशी लांब धावपट्टी समोर दिसते आणि वाटतं, आहे की अजून जागा. पण आपण बहुतेक वेळा फ्लेक्सने, म्हणजे मुद्दाम कमी थ्रस्टने निघतो. डोळ्यांना दिसणाऱ्या लांबीतली बरीचशी गणिताने आधीच खर्च केलेली असते. पावसाळ्यात हिशेब आणखी बदलतो. ओल्या धावपट्टीवर थांबायला जास्त जागा लागते म्हणून व्ही-वन खाली आणतात, आणि त्याची किंमत दुसऱ्या टोकाला मोजतात: कोरड्या धावपट्टीवर इंजिन गेलं तर टोकाशी विमान ३५ फुटांवर हवं, ओल्या धावपट्टीवर नियम १५ फुटांवर समाधान मानतो. जुलैतलं ब्रीफिंग मे महिन्याच्या सुरात उरकलं की तुम्ही का चिडायचात, ते हे दोन आकडे शेजारी ठेवल्यावर कळतं.

मग पाय. इंजिन गेलं की नाक त्या बाजूला ओढलं जातं आणि नवशिक्याचा हात आपसूक साइडस्टिककडे (विमान कलवणाऱ्या छोट्या दांड्याकडे) जातो. तुमचं उत्तर लोकलचं होतं: दारात उभं असताना गाडीने झटका दिला तर आधी पाय रोवतोस की हात हलवतोस? साइडस्टिकने तोल सावरायला गेलं की पंखावरचे स्पॉयलर (हवा अडवणाऱ्या झडपा) वर येतात, ड्रॅग म्हणजे हवेचा विरोध वाढतो, आणि आधीच अर्धी झालेली ताकद तिथे वाया जाते. धावपट्टीवर असेपर्यंत बाहेर मधल्या रेषेकडे बघून पायाने रडर (शेपटीवरचं सुकाणू) द्यायचा. मग नेहमीपेक्षा जरा सावकाश रोटेट, म्हणजे नाक उचलणं, नाक साधारण १२.५ अंशांवर, दोन्ही इंजिनं असतात तेव्हाचे १५ नाहीत. नाक स्थिरावलं की एसआरएसच्या (वेग धरायला नाक कुठे ठेवायचं ते दाखवणाऱ्या खुणेच्या) मागे जायचं.

हवेत आल्यावर पीएफडीवरचं, म्हणजे समोरच्या मुख्य पडद्यावरचं, ते निळं चिन्ह, बीटा टार्गेट. ते रडरने मध्यावर आणायचं. त्यात विमान किंचित तिरकं उडतं, पण एकूण ड्रॅग सगळ्यात कमी पडतो, कारण त्या गणितात रडर, एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेच्या कलवणाऱ्या झडपा), स्पॉयलर आणि विमानाचं अंग हे सगळंच धरलेलं असतं. जुन्या विमानांवरून आलेल्यांना हे पचायला वेळ लागतो. तिरकेपणा दाखवणारा चेंडू मधोमध ठेवायची सवय हाडात मुरलेली असते. त्यानंतर रडर ट्रिम (पायाचा जोर आपल्याऐवजी धरून ठेवणारी सोय), मग ऑटोपायलट. १०० फुटांवर तो लावता येतो, पण पाय ताणलेले असताना आणि ट्रिम न करता घाईने लावला तर उपयोगापेक्षा गोंधळच जास्त.

टोगाबद्दलही, म्हणजे इंजिनाच्या पूर्ण ताकदीबद्दलही, तुम्ही दोन्ही बाजू सांगितल्यात. फ्लेक्सचं गणित एक इंजिन जाणार हे धरूनच बसवलेलं असतं, त्यामुळे टोगा देणं सक्तीचं नाही. द्यायचा तर जरूर द्या, पण त्या क्षणी ओढ वाढते आणि पायही तितकाच वाढवावा लागतो. एका इंजिनावर टोगाला १० मिनिटांची मर्यादा आहे, तेव्हा घड्याळाकडे लक्ष.

आता तो आकडा, ज्यासाठी आम्ही तुमचे सर्वांत जास्त ऋणी आहोत: २.४ टक्के. दोन इंजिनांच्या विमानाने एक इंजिन गेल्यावर, चाकं आत घेतल्यावर, किमान एवढं चढलंच पाहिजे. १४० नॉटला हे होतात मिनिटाला साधारण ३४० फूट. एरवी दोन हजारांच्या पुढे चढणारा माणूस हा काटा बघतो आणि त्याला वाटतं विमान चढतच नाही. मग नाक वर ओढायची बुद्धी होते, वेग व्ही-टूच्या (एका इंजिनावर चढण्याच्या किमान सुरक्षित वेगाच्या) खाली जातो आणि चढ होता तोही घटतो. वजन, उष्मा आणि धावपट्टी यांचा मेळ बसवून आलेला तो ३४० चा काटा म्हणजे विमान जे करायला हवं तेच करतंय. फक्त "पॉझिटिव्ह क्लाइंब" दिसल्याबरोबर गिअर, म्हणजे चाकं, वर गेला पाहिजे.

व्ही-टूला चिकटून राहायचं, पण हातात जास्त वेग असेल तर तो फेकून द्यायचा नाही, हे सांगताना तुम्ही २५ मे १९७९ ला शिकागोत पडलेलं डीसी-१० समोर ठेवायचात. इंजिन पंखावरून सुटलं, त्याबरोबर हायड्रॉलिक लाइन तुटून त्या बाजूचे स्लॅट (पंखाच्या पुढच्या कडेच्या, उचल वाढवणाऱ्या पट्ट्या) आत गेले. वैमानिकांनी त्यावेळच्या पद्धतीप्रमाणे वेग व्ही-टूवर आणला, आणि त्या वेगाला स्लॅट नसलेला पंख स्टॉल झाला, त्याची उचल गेली. २७३ माणसं गेली. त्यानंतर पद्धती बदलल्या. आज आपल्या एसआरएसमध्ये इंजिन गेलं त्या क्षणी व्ही-टूपेक्षा जास्त वेग असेल, तर तोच धरला जातो, व्ही-टू अधिक १५ पर्यंत. एका ओळीचा नियम कुठून आला हे कळलं की तो विसरत नाही.

आणि ते चारशे फूट. तोवर फक्त वॉर्निंगचा आवाज बंद करायचा, गिअर वर घ्यायचा आणि विमान उडवायचं. इंजिनाच्या कुठल्याही बटणाला हात नाही. "बंद पडलेलं इंजिन पळून जात नाही रे" हे तुम्ही मागच्या खुर्चीतून म्हणायचात तेव्हा हसू यायचं. तैपेईत ४ फेब्रुवारी २०१५ ला ट्रान्सएशियाच्या एटीआर ७२ चं दोन नंबरचं इंजिन ऑटोफेदर झालं (त्याच्या पंख्याची पाती आपोआप हवेच्या दिशेत वळली आणि ओढ थांबली) आणि वैमानिकाने घाईत एक नंबरचं, म्हणजे धडधाकट इंजिन बंद केलं. ५८ पैकी ४३ जण गेले. म्हणून लिव्हर असो, इंजिन बंद करणारा मास्टर स्विच असो की फायर बटण, दुसऱ्याने "कन्फर्म" म्हटल्याशिवाय हलवायचं नाही. एकाने बोट ठेवायचं, दुसऱ्याने डोळ्यांनी बघायचं. नुसतं तोंडाने "कन्फर्म" म्हणणाऱ्याला तुम्ही पुन्हा पहिल्यापासून करायला लावायचात, तेव्हा राग यायचा. आता नाही.

चारशेनंतर ईकॅम, म्हणजे बिघाड आणि करायच्या कृतींची यादी दाखवणारा पडदा. डॅमेज नसेल तर लिव्हर आयडल (सर्वांत कमी ताकद), रीलाइटसाठी, म्हणजे इंजिन पुन्हा पेटायला, ३० सेकंद, मग मास्टर ऑफ. डॅमेज असेल तर फायर बटण. त्या एका बटणाने इंधनाचा एलपी व्हॉल्व्ह, हायड्रॉलिक आणि ब्लीड (इंजिनातून घेतली जाणारी हवा) बंद होतात, जनरेटर सुटतो आणि आग विझवणाऱ्या बाटल्यांचे स्क्विब (बाटली फोडणारे छोटे स्फोटक) सज्ज होतात. मग पहिली बाटली सोडण्याआधी १० सेकंद का थांबायचं, हा प्रश्न प्रत्येक बॅच विचारते. पंखा मंदावून आतून वाहणारी हवा कमी व्हावी म्हणून. नाहीतर विझवणारा वायू काम करायच्या आधीच बाहेर. आग पहिल्या बाटलीनेही गेली नाही तर ३० सेकंदांनी दुसरी.

इंजिन सिक्युअर (सुरक्षितपणे बंद) झालं आणि ॲक्सिलरेशन अल्टिट्यूड (वेग वाढवायची ठरलेली उंची) आली की ईकॅम तिथेच थांबवायचं. नाक खाली, वेग वाढवायचा, फ्लॅप आत, ग्रीन डॉट (फ्लॅपशिवाय एका इंजिनावर चढण्याचा योग्य वेग), एमसीटी (सतत वापरता येणारी कमाल ताकद). उरलेली यादी नंतर. मधेच यादी सोडवत नाही, ही आपली शाळेपासूनची खोड.

मार्गाचं तुम्ही कधी मोघम बोलू दिलं नाहीत. २७ वरून जुहू ओलांडलं की समुद्र आहे, त्यामुळे ढिलाई येते. पण ०९ ला पुढे घाटकोपरची वस्ती आणि खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर, १४ ला ट्रॉम्बेची टेकडी आणि अणुकेंद्र. इंजिन-आउटचा मार्ग नेहमीच्या एसआयडीपेक्षा (विमानतळावरून बाहेर पडण्याच्या ठरलेल्या मार्गापेक्षा) वेगळा असेल तर तो निघण्याआधी मोठ्याने म्हणायचा, वळण कुठल्या उंचीवर आणि कुठल्या बाजूला यासह. "मेडे" हे सगळं ताब्यात आल्यावर.

परतताना वजन जास्त असतं. ए-३२० ला हवेत इंधन सांडायची सोय नाही. ७७ टनांनी निघालेलं विमान ६६ टनांच्या मर्यादेवर येईपर्यंत तासन्‌तास घिरट्या घालणं आपल्याला परवडत नाही. ओव्हरवेटची चेकलिस्ट पूर्ण करून जास्त वजनानेच उतरा, फक्त टेकताना मिनिटाला ३६० फुटांच्या आत ठेवा, असं तुमचं सरळ मत होतं. आमचंही आता तेच आहे.

तुमच्या हस्ताक्षरातला तो एक पानी तक्ता अजून सगळ्यांकडे फिरतो. झेरॉक्सची झेरॉक्स होऊन ट्रिमची ओळ पुसट झाली आहे. मूळ पान तुमच्याकडे असेल तर एकदा मागायला येऊ. चहा आमच्याकडून.

आपले,
तुमच्या हाताखालून गेलेले फर्स्ट ऑफिसर