नोटिशीवर झाडाचे वय लिहा

रस्त्याकडेच्या झाडांवरून रहिवासी आणि पालिका यांच्यात पेटलेल्या वादाची बातमी (मंगळवारचा अंक) वाचली. रहिवासी उगाच खोडा घालतात, हा त्यातला अधिकाऱ्यांचा सूर पटला नाही. आमच्याही गल्लीत गेल्या महिन्यात सहा झाडांवर नोटिसा लागल्या, त्याही बुंध्यात खिळे ठोकून! प्लास्टिकच्या पिशवीतला कागद दोन सरींतच भिजला. जेवढे वाचता आले त्यात झाडाचा क्रमांक होता, 'रहदारीस अडथळा' हे कारण होते. वयाचा रकाना मात्र कोरा.

खरी मेख तिथेच आहे. राज्याच्या १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार ५० किंवा त्याहून अधिक वर्षांचे झाड 'हेरिटेज' ठरते आणि झाड तोडल्यास त्याच्या वयाइतकी रोपे लावावी लागतात. कोपऱ्यावरची चिंच साठ वर्षांची धरली तर साठ रोपे, वीसची धरली तर वीसच. गल्लीतल्या सत्तरीच्या आजी तिच्या चिंचा शाळेत जाताना पाडायच्या. कार्यालयात विचारले तर "वय नंतर अंदाजाने भरू" असे उत्तर मिळाले. मग नागरिकांनी हरकत घ्यायची ती कशावर?

झाडाचे वय, बुंध्याचा घेर आणि वय कसे ठरवले, हे हरकतींची मुदत सुरू होण्याआधीच नोटिशीवर यायला हवे. आणि ती नोटीस कृपया सुतळीने बांधावी.

– एक वाचक