घरी बनवलेल्या रोषणाईबद्दल मित्रास पत्र

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. यंदा सणाला घरापुढे नुसत्या माळा न सोडता स्वतःच्या हातानं आकृत्या बनवून लावायच्या, असं तू ठरवलंयस. वाचून फार आनंद झाला. विकतचा तारा आपल्या भिंतीच्या मापाचा क्वचितच मिळतो, आणि त्यातला एखादा दिवा गेला की बहुतेक वेळा आख्खा तारा टाकून द्यावा लागतो. आपण बनवलेल्या वस्तूची तार न् तार आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे ती वर्षानुवर्षं चालवता येते.

सामान काय आणू, असं तू विचारलंयस. पण त्याआधी एक कर. अंधार पडल्यावर लोक जिथून बघणार तिथे जाऊन उभा राहा आणि घराकडे बघ. आकृती कोण, कुठून, किती लांबून बघणार हे एकदा पक्कं झालं की आकार, दिव्यांची संख्या, उजेड हे सगळं त्यावरूनच ठरतं. दिवसा टेबलावर सुबक दिसणारी कड, रंगकाम, बारीक नक्षी यातलं रात्री काही पोचत नाही. पोचतात ते दिव्यांचे ठिपके आणि त्यांच्या मधला काळोख. चांगली नजर असलेल्या माणसाला 20 मीटरवरून साधारण 6 मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे दिसतात. म्हणजे 7 सेंटीमीटरवर लावलेले दिवे सुटेच दिसणार, त्यांची रेघ आपलं मन जोडून घेतं. आणि मन ती जोडतं ते अंतर सारखं असलं तरच. एक दिवा बोटभर सरकला की रेघ तिथे मोडते. म्हणून दिवे वाढवण्यापेक्षा आखणीवर वेळ घालव असं मी तुला कळकळीनं सांगेन.

सुरुवात पाच टोकांच्या ताऱ्यापासून कर. खिळा आणि दोरी घेऊन 50 सेंटीमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढ, त्याच मध्यबिंदूवर 19 सेंटीमीटरचं दुसरं. बाहेरच्या वर्तुळावर 72 अंशांवर पाच खुणा, आतल्या वर्तुळावर तशाच पाच, पण बरोबर त्यांच्या मधोमध. खुणा आळीपाळीनं जोडल्या की तारा तयार. त्याची प्रत्येक बाजू जवळजवळ 36 सेंटीमीटर येते. बाजू दहा, म्हणून 50 दिव्यांची एक माळ यात चपखल बसते: दहाही कोपऱ्यांवर एकेक दिवा आणि प्रत्येक बाजूवर मध्ये चार. दोन दिव्यांत सव्वासात सेंटीमीटरच्या आसपास अंतर राहतं. कोपऱ्यावर दिवा हवाच. टोकाचा दिवा चुकला तर लांबून तारा बोथट दिसतो.

ताऱ्याच्या अंगासाठी सनपॅकची शीट घे, जाहिरातीच्या फलकांना वापरतात ती पोकळ नळ्यांची प्लास्टिकची. नळ्या उभ्या येतील अशी काप, म्हणजे आत गेलेलं पाणी खाली निघून जातं. 12 मिलिमीटरची भोकं स्टेप ड्रिलनं, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणाऱ्या शंकूसारख्या ड्रिलनं पाडायची. साधं ड्रिल शीट फाडतं, स्टेप ड्रिलनं भोक गोल आणि स्वच्छ येतं. गोळीच्या आकाराचे पिक्सेल दिवे, म्हणजे आत तांबडी, हिरवी, निळी अशा तीन एलईडी असलेले आणि एकेकाचा रंग वेगळा बदलता येणारे दिवे, मागून दाबले की टक्कन बसतात, गोंद लागत नाही. ग्लू गनच्या गोंदावर भरवसा ठेवू नकोस, कडक उन्हात तो मऊ पडतो. बांधायला काळे केबल टाय घे, पांढरे उन्हानं लवकर ठिसूळ होतात.

एवढं झालं की ताऱ्याचा मधला भाग कापून काढ. जिवावर येईल, पण काढच. एक चौरस मीटरच्या भरीव फळीवर ताशी 54 किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब जवळजवळ 15-16 किलो वजनाइतका येतो, आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट. मधे पोकळी असली की वारा आरपार जातो, वजन घटतं, आणि रात्री शेजारच्या दिव्याचा उजेड पडून पांढरा पत्रा चमकावा तशी शीट चमकत नाही. उरलेला भाग काळा रंगव. मागून पीव्हीसी पाइपची चौकट दे आणि ती किमान तीन दिशांनी ताणून बांध.

आता विजेचं. हा भाग नीट वाच, कारण बहुतेकांची आकृती इथेच फसते. 5 व्होल्टचा एक पिक्सेल पूर्ण पांढरा पेटला की कमाल 60 मिलिअँपिअरच्या घरात करंट घेतो. 50 पिक्सेलना झाले 3 अँपिअर. एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेचे 5 व्होल्ट करून देणारा डबा, 5 मीटर लांब ठेवलास आणि 0.75 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरलीस, तर जाण्यायेण्याच्या 10 मीटर तारेतच सुमारे 0.7 व्होल्ट जातात. ताऱ्याला पोचतात 4.3, आणि माळेतल्या बारीक तारेत अजून थोडे जातात. निळ्या आणि हिरव्या एलईडीला सुमारे 3 व्होल्ट लागतात, तांबडीला 2 च्या आसपास. म्हणून व्होल्टेज घसरलं की आधी निळा मंदावतो, मग हिरवा, आणि माळेच्या शेवटी पांढऱ्याचा तांबूस रंग होतो. शेपटाकडचे दिवे असे तांबूस दिसले की दिवा बदलू नकोस. त्या टोकालाही जाड वायरनं वीज दे. 12 व्होल्टच्या माळेत हा त्रास बराच कमी जाणवतो. लांबवर पसरलेल्या आकृत्या करणार असशील तर सरळ 12 चाच रस्ता धर.

दुसरं म्हणजे, पूर्ण उजेडावर काहीच चालवायचं नाही. 30 टक्क्यांवर ठेव. अंधारात डोळ्याला तेवढा भरपूर असतो, रंगही धुऊन गेल्यासारखे दिसत नाहीत, आणि करंट तिसऱ्या हिश्श्यावर येतो.

5 व्होल्टनं झटका बसत नाही म्हणून गाफील राहू नकोस. मोठा एसएमपीएस 60 अँपिअर सहज देतो, आणि कुठे शॉर्ट झालं तर बारीक वायर पेटायला तेवढे पुरेसे आहेत. म्हणून एसएमपीएसमधून निघणाऱ्या प्रत्येक वायरीच्या फाट्याला वेगळा फ्यूज. मेनच्या बाजूला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग, यात तडजोड नाही. ते काम वायरमनकडूनच करून घे.

पाण्यासाठी एवढंच: वायर एसएमपीएसच्या पेटीत शिरण्याआधी तिला खाली झोका दे, म्हणजे थेंब तिथूनच गळून पडतो. कापलेल्या टोकांना न्यूट्रल सिलिकॉन लाव. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन तांबं खातं.

रंग पळते ठेवायचे का, असंही विचारलंयस. जरूर ठेव, पण एकाच आकृतीत. वीज वापरून नाताळचं झाड उजळण्याचा पहिला गाजलेला प्रयोग एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन यानं 1882 मध्ये न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी केला होता. तांबडे, पांढरे, निळे मिळून 80 दिवे, आणि झाड विजेवर गोल फिरणारं. तेव्हाही लोकांना खिळवलं ते त्या फिरण्यानं. घरासमोर सगळंच पळायला लागलं तर नजर कुठेच ठरत नाही. ताऱ्याचे रंग पळते ठेव, बाकीचं स्थिर.

पिक्सेलच्या माळेत माहिती एकामागून एक सरकते. पहिला दिवा आपल्या रंगाचे 24 बिट (माहितीचे तुकडे) ठेवून घेतो आणि उरलेले पुढच्याला देतो. एका दिव्याला 30 मायक्रोसेकंद लागतात, म्हणजे हजार दिव्यांना 30 मिलिसेकंद, सेकंदाला तेहतीसच्या आसपास चित्रं. घरच्या रोषणाईला हे पुरून उरतं. मात्र माळ कुठून सुरू होते आणि कुठल्या दिशेनं जाते ते शीटच्या मागे ठळक मार्करनं लिहून ठेव. सगळं टांगल्यावर शिडीवर उभं राहून पहिला दिवा शोधणं फार जिवावर येतं. कंट्रोलर, म्हणजे दिव्यांना रंगांची माहिती पाठवणारा छोटा बोर्ड, ईएसपी 32 या चिपचा घेतलास तर तो 3.3 व्होल्टचा सिग्नल देतो आणि 5 व्होल्टच्या पिक्सेलला साडेतीनच्या वरचा हवा असतो. मध्ये लेव्हल शिफ्टर, म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज वाढवणारा भाग टाक, नाहीतर दिवे विनाकारण लुकलुकत राहतील.

भिंतीची रुंदी, रस्त्यापासूनचं अंतर आणि प्लग कुठे आहे, एवढं एका कागदावर काढून पाठव. एसएमपीएस कुठे ठेवायचा आणि वायर किती जाडीची घ्यायची ते मी हिशेब करून कळवतो. तोवर शीटवर वर्तुळं काढून ठेव, पण भोकं पाडायची घाई करू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र