शोर्युकेनचा शॉर्टकट आणि गणपतीतली फायनल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागल्या आठवड्यात आपल्या पत्रस्तंभात आमच्या कॉलनीच्या गणेशोत्सवातल्या व्हिडिओ गेम स्पर्धेबद्दल एका वाचकांचं पत्र आलं. आजकालच्या मुलांना सगळं एका बटणावर हवं, असा त्यांचा सूर होता. ज्या मुलीवर रोख होता ती माझी भाची. पण मी नुसता मामा म्हणून लिहीत नाही. १९९३-९४ च्या सुमारास शाळेच्या वाटेवरच्या पार्लरमध्ये रुपया-रुपयाची टोकनं घालून मी जेवढे पैसे उडवले, तेवढ्यावर या विषयात तोंड घालायचा हक्क मला नक्की मिळतो. ज्यांना 'मुस्तफा' म्हटलं की त्या काळच्या पार्लर गेममधले डायनासोर आठवतात, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल.

आधी झालं काय ते सांगतो. रांगोळी, पाककृती आणि कॅरमच्या जोडीला पोरांनी या वर्षी 'स्ट्रीट फायटर ६' हा दोघांच्या मारामारीचा व्हिडिओ गेम ठेवला. पन्नास रुपये फी, खेळ सभागृहातल्या प्रोजेक्टरवर. (प्रोजेक्टरवर चित्र उशिरा उमटतं, त्यामुळे सगळेच आंधळी कोशिंबीर खेळत होते, पण ते असो.) फायनलमध्ये चौदा वर्षांच्या भाचीने इंजिनिअरिंगच्या एका मुलाला २-१ ने हरवलं. टाळ्या झाल्या. मग त्या मुलाचे वडील उठले, "ही तर एका बटणावर शोर्युकेन मारते, ही चीटिंग आहे." समितीने नारळांच्या पोत्यांमागे पाच मिनिटं कुजबूज केली आणि मॅच परत घेतली, या वेळी दोघांनी 'क्लासिक'वरच, म्हणजे शॉर्टकट नसलेल्या जुन्या पद्धतीनेच खेळायचं अशी अट घालून. भाची ०-२ ने हरली. दुसऱ्या क्रमांकाचं प्रमाणपत्र आणि स्टीलचा डबा घेऊन घरी आली. मुलगा बिचारा एक शब्द बोलला नव्हता.

ज्यांनी हा खेळ खेळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शोर्युकेन म्हणजे उडी मारून येणाऱ्याला हवेतच हाणायचा वरचा ठोसा. १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २' पासून त्याची रीत एकच : दांडा पुढे, मग खाली, मग खाली-पुढे तिरका, आणि लगेच ठोशाचं बटण. आम्ही हे बाण काढून भूगोलाच्या वहीच्या मागल्या पानावर लिहून ठेवले होते. कागदावर सोपं आहे. हातात घेतलं की चालत पुढे जाताना आगीचा गोळा (खाली, खाली-पुढे तिरका, पुढे आणि ठोसा) टाकायला जावं आणि शोर्युकेनच निघावा, कारण पुढे जाण्यासाठी दांडा आधीच 'पुढे' असतो. तुम्ही रिकाम्या हवेत ठोसा मारता आणि समोरचा खाली उभा राहून तुम्ही उतरायची वाट पाहतो. माझ्या अंगठ्याच्या घट्ट्यामागे हीच एक चूक आहे, हजार वेळा केलेली.

२०२३ च्या जूनमध्ये आलेल्या सहाव्या भागात कॅपकॉमने, म्हणजे हा खेळ बनवणाऱ्या कंपनीने, याला 'मॉडर्न' नावाचा पर्याय दिला. दिशा आणि एक बटण, झाला शोर्युकेन. पण ही खिरापत नाही. शॉर्टकटने मारलेल्या खास फटक्याचा मार २० टक्क्यांनी कमी बसतो. क्लासिकमध्ये तीन ठोसे आणि तीन लाथा मिळून सहा बटणं असतात, मॉडर्नमध्ये साध्या फटक्यांना हलका, मध्यम, भारी एवढीच. काही फटके मिळतच नाहीत. आणि खेळाडू कोणत्या पद्धतीने खेळतोय त्याची खूण पडद्यावर असते. त्या वडिलांनी पहिल्या फेरीतच वर पाहिलं असतं तर दिसली असती.

तरी त्यांचं म्हणणं सगळं खोटं आहे असं मी म्हणणार नाही. उडी पाऊण सेकंदाच्या आसपास असते. ती दिसणं, ओळखणं आणि हात हलणं यातच त्यातला मोठा वाटा जातो. उरलेल्या वेळात क्लासिकवाल्याने गार्ड सोडून तीन दिशा फिरवायच्या, आणि मॉडर्नवाल्याने एक बटण दाबायचं. भाचीवर उडी मारून जायची माझी आता छाती होत नाही. नऊ वेळा मारली तर आठ वेळा खाली आपटतो. हा फायदा खरा आहे आणि २० टक्क्यांत तो पुरता फिटतो असं मला वाटत नाही. म्हणून मी तिच्याशी उडी न मारता खेळायला शिकलो. खेळ तिथे बदलतो, संपत नाही.

टेबल टेनिसमध्ये असंच एक भांडण होऊन गेलं आहे. टेबल टेनिससाठी ओळखल्या जाणाऱ्या अभय प्रशाल स्टेडियमच्या आपल्या इंदुरात तरी ते लक्षात राहायला हवं. बॅटच्या एका बाजूला फिरकी देणारं रबर आणि दुसऱ्या बाजूला फिरकी मारून टाकणारं, दोन्ही एकाच रंगाचं. खेळाडू हातातल्या हातात बॅट फिरवायचा आणि समोरच्याला कळायचंच नाही की चेंडू कशावर लागला. १९८६ मध्ये एक बाजू लाल आणि एक काळी असा नियम झाला. रबर राहिलं, लपवणं गेलं. मला मॉडर्नचा प्रश्न तसा वाटतो आणि तो कॅपकॉमने आधीच सोडवला आहे. त्यांच्या स्वतःच्या मोठ्या स्पर्धांमध्येही मॉडर्न चालतं.

लबाडी काय असते ते मला ठाऊक आहे, कारण मी केली आहे. टीव्हीला जोडायच्या आठ-बिट व्हिडिओ गेमच्या दिवसांत दिवाळीच्या सुट्टीत एका मित्राच्या वाड्यावर पैजा लागायच्या, हरणाऱ्याने सराफ्यातल्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खिलवायचा. मी जेल रोडवरून एक कंट्रोलर आणला होता. त्याच्या पोटाखाली बारीक खटका होता. तो सरकवला की बटण नुसतं धरून ठेवलं तरी सेकंदाला दहा-बारा वेळा दाबल्यासारखं चालायचं. पाच दिवस मी फुकट गराडू खाल्ला. मित्र म्हणायचा, "भिया, काय बोटं आहेत तुझी!" तो आता पुण्याला असतो, आपला अंक तिथे जात नसावा.

तो खटका आणि भाचीचं बटण एका मापाने मोजायचं, यालाच माझी हरकत आहे. खटका मित्राला दिसत नव्हता, त्याची किंमत मी मोजत नव्हतो, आणि तसाच दुसरा त्याला मिळणार नव्हता. भाचीचा पर्याय त्या मुलाच्याही मेनूत होता. मंडळाला मॉडर्न नको असेल तर नको म्हणावं, तो त्यांचा अधिकार. पण ते फी घेताना सांगावं. निकाल लागल्यावर सांगायचं याला आमच्या लहानपणी रडीचा डाव म्हणत.

पुढच्या वर्षीचा नियमांचा कागद मी फुकट लिहून द्यायला तयार आहे, अर्ध्या पानात मावेल. प्रोजेक्टर नको, साधा टीव्ही हवा. पद्धत कोणतीही चालेल, पण पहिल्या फेरीआधी जाहीर करायची. आणि दोन्ही कंट्रोलर मंडळाने आणावेत, घरचा कोणाचाही चालणार नाही. बाहेरून बघून त्यात काय आहे ते कळत नाही, पोटाखाली हात घालून बघावं लागतं.

आपला,
एक जुना वाचक
स्नेहलतागंज, इंदूर