पाटीचा मॉकअप आणि भिंतीवरची पाटी

महोदय,

दुकानाच्या पाटीवर देवनागरीतले मराठी नाव आधी हवे आणि ते इतर लिपीपेक्षा लहान नको, ही २०२२ची कायदादुरुस्ती झाल्यापासून राज्यात पाट्या बदलण्याचे काम जोरात आहे. दुकानदाराला मोबाइलवर एक चकचकीत मॉकअप, म्हणजे पाटी लागल्यावर कशी दिसेल याचे संगणकावरचे चित्र, येतो, तो 'ओके' लिहितो आणि पाटी चढल्यावर 'असं नव्हतं दाखवलं' सुरू होते. दोष बहुधा बनवणाऱ्या कारागिराचा नसतो, मॉकअपचा असतो.

नेटवरच्या तयार टेम्प्लेटमधली पाटी समजा २:१ (रुंदी उंचीच्या दुप्पट) आहे आणि आपली १० बाय ३ फूट. स्मार्ट ऑब्जेक्टचे (टेम्प्लेटमधल्या डिझाइन टाकायच्या चौकटीचे) माप न बदलता डिझाइन आत टाकले की अक्षरे ताणली तरी जातात, नाहीतर चेपली जातात. त्यापेक्षा त्याच दुकानाचा फोटो घ्यावा. समोरच्या फुटपाथवरून, डोळ्यांच्या उंचीवरून, वाइड लेन्स न वापरता. शटरची रुंदी टेपने मोजून ठेवली की फोटोत पाटी मापात बसते. विजेच्या तारा, खांब, शेजारचा फ्लेक्स यांतले काही पुसू नये. गिऱ्हाईक त्या गर्दीतूनच नाव वाचणार आहे.

दोन्ही ओळींना सारखा पॉइंट (संगणकावरचे अक्षरमाप) दिला म्हणजे उंची सारखी झाली, हा समज तर फारच पसरला आहे. इंग्रजी कॅपिटलची उंची आणि मराठीची शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची वेगवेगळी मोजावी. शिवाय १२ इंची मराठी अक्षराला वेलांटी-उकारासाठी वर-खाली मिळून आणखी सहा-आठ इंच लागतात. ही जागा आधी धरली नाही तर शेवटी कात्री मराठीलाच लागते.

'वस्त्रभांडार' हा शब्द घ्या. शिरोरेषेमुळे अॅक्रिलिकचे 'वस्त्र' आणि 'भांडार' हे दोन तुकडे सलग कापता येतात ('भ'पाशी शिरोरेषा तुटते), अनुस्वार मात्र सुटा. त्याला स्वतःचे स्टड (भिंतीत बसणाऱ्या आधाराच्या सळ्या) आणि उजेडाची पाटी असेल तर स्वतःची वायर लागते. नुसत्या चिकटपट्टीवर ठेवला तर उन्हापावसात गळतो आणि 'भाडार' उरते. 'स्त्र'च्या बारीक रेघांत एलईडी मोड्यूल (आत बसवायचा छोटा दिवा) मावत नाही, म्हणून रात्री तेवढाच भाग काळा दिसतो. संगणकावर ग्लो इफेक्ट दिलेल्या चित्रात तो झगझगीत असतो! रात्रीचा मॉकअप करायचा तर मोड्यूल खरोखर जिथे बसतील तिथेच उजेड दाखवावा. एसीपीचा (अॅल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेलचा) पत्रा ८ बाय ४ फुटांचा वापरणार असाल तर १० फुटी पाटीला जोड येणारच. तो अक्षराच्या पोटातून जाऊ नये म्हणून मॉकअपमध्येच रेघ मारून ठेवावी.

रंग पडद्यावर ठरवू नये, अॅक्रिलिकचे आणि व्हिनाइलचे तुकडे दुकानाबाहेर उन्हात धरून पाहावेत. आणि एक तरी जोडाक्षर खऱ्या मापात ए-३ कागदांवर छापून, मास्किंग टेपने पाटीच्या जागी चिकटवून रस्त्यापलीकडून वाचावे. दर १० फूट अंतराला १ इंच अक्षरउंची हा पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब आहे. ४० फुटी रस्त्याला तो ४ इंच सांगतो, पण 'स्त्र', 'क्ष्म' यांना तेवढ्याने भागत नाही.

मंजुरीची सही घ्यायची ती मापे, जोड आणि जाडी लिहिलेल्या प्रिंटवर. त्याची एक प्रत दुकानदाराकडे, एक फॅब्रिकेटरकडे, म्हणजे पाटी बनवणाऱ्याकडे.

— पाट्यांचे काम करणारे काही डिझायनर, पुणे