क्रूझ म्हणजेच समुद्रप्रवास का?

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत समुद्रप्रवासावर पूर्ण पान दिलंत, बघून बरं वाटलं, पण पानभर निस्तं क्रूझ, स्विमिंग पूल, बुफे आणि रात्रीचा डीजे. अहो, जायचंय कुठं तेच त्यात नाही! जिथून निघालं तिथंच तीन दिवसांनी आणून सोडणार, म्हणजे हे पाण्यावरचं मंगल कार्यालय झालं की, प्रवास कसला.

आमच्या परभणीला समुद्र नाही, मान्य. पण म्हणून इकडच्या माणसाचा जहाजाशी काही संबंधच नाही असं थोडंच आहे. 1995 पर्यंत मुंबईहून जेद्दाहला हजची जहाजं जात होती, मराठवाड्यातले कितीतरी लोक रेल्वेनं मुंबई गाठून त्यातूनच गेले. औरंगाबादला मिलिंद कॉलेज काढणारे बाबासाहेब 1913 ला न्यूयॉर्कला शिकायला गेले ते बोटीनंच, आणि 1917 ला परत येताना वेगळ्या बोटीनं पाठवलेली त्यांची पुस्तकं टॉर्पेडो लागून समुद्रात गेली. तेव्हा बोट ही चैन नव्हती, दुसरा रस्ताच नव्हता. मग जेट विमानं आली, त्यात 1967 ला युरोपच्या बोटींचा जवळचा रस्ता असलेला सुएझ कालवा बंद पडला तो थेट 1975 ला उघडला, तोवर युरोपला बोटीनं जाणारं गिऱ्हाईकच उरलं नाही. आता त्या जुन्या पद्धतीनं नेमानं महासागर ओलांडणारं मोठं जहाज म्हणजे क्वीन मेरी 2, साउथॅम्प्टन ते न्यूयॉर्क, बहुतेक वेळा सात रात्री. अटलांटिकच्या लाटा झेलायच्या म्हणून त्याचा सांगाडा क्रूझपेक्षा दणकट आणि वेगबी जास्त.

मालवाहू जहाजानं फिरा म्हणून एक छोटी चौकटही होती, त्यात अर्धंच सांगितलंय. आंतरराष्ट्रीय नियम असा की बारापेक्षा जास्त प्रवासी घेतले की ते पॅसेंजर जहाज ठरतं आणि सुरक्षेचे सगळे नियम बदलतात, म्हणून मालवाले बाराच्या पुढं जातच नाहीत. एवढ्या कमी लोकांसाठी डॉक्टर ठेवत नाहीत, मग वयाची अट आणि मेडिकल सर्टिफिकेट मागतात (म्हणजे रिटायर होऊन ज्यांच्याकडं वेळच वेळ आहे त्यांचीच पंचाईत!). भाडं दिवसाला शंभर युरोच्या आसपास असायचं, जेवण जहाजावरच्या ऑफिसर लोकांसोबत. तारखेचा भरवसा नाही कारण आधी माल मग माणूस, कधी बंदरच बदलतं, आणि कंटेनरचं काम उरकलं की जहाज लगेच हलतं, शहर बघायला टाइम कुठला. त्यात 2020 ला कोरोनात हे बंद झालं ते बऱ्याच कंपन्यांनी परत सुरूच केलं नाही, हे तर चौकटीत यायलाच पाहिजे होतं. आपल्या औरंगाबादजवळच्या वाळूज-शेंद्र्यातल्या कारखान्यांचा माल कंटेनरात बसून मुंबईजवळच्या न्हावाशेवा बंदरातून जगभर जातोय, माणसानं जावं म्हणलं तर एवढ्या भानगडी.

आणि जे आपल्याला जमण्यासारखं आहे त्याचा एक शब्द नाही! चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणमहून पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) सरकारी प्रवासी जहाजं जातात. चेन्नईहून साधारण तीन दिवस लागतात, बंकपासून (एकावर एक झोपायच्या फळ्या) केबिनपर्यंत सगळे क्लास आहेत, आणि बंकचं तिकीट क्रूझच्या मानानं काहीच नाही. पहिल्या दिवशी उलट्या होऊ शकतात हेबी लिहा, लपवून उपयोग नाही. कोचीहून लक्षद्वीपलाही जहाज आहे, पण तिथं आधी परमिट लागतं. खरी अडचण पैशाची नाही, वेळापत्रकाची आहे. जहाज कधी सुटणार हे फार आधी कळत नाही, आणि नोकरीवाल्यानं सुट्टी टाकायची कधी, नांदेडहून चेन्नईपर्यंतचं रिझर्व्हेशन काढायचं कधी, शेतकऱ्याला तर पेरणी-काढणीच्या मधल्या फटीतच निघता येतं.

तर पुढच्या पुरवणीत एवढं करा, या जहाजांचं बुकिंग कुठं होतं, कागदपत्रं काय लागतात आणि पावसाळ्यात जावं का नाही, हे एखाद्या जाऊन आलेल्या माणसाला विचारून छापा. आणि वेळापत्रक निदान दोन महिने आधी जाहीर करा म्हणून जहाज खात्याच्या मागं लागा, आमच्या पत्राला तिथं कोण विचारतंय, पेपरनं विचारलं तर उत्तर तरी येईल.

— एक वाचक, परभणी