आईला खोलीबाहेर का बसवता?

महोदय,

कालच्या पुरवणीतला तरुणांच्या मनोविकारांवरचा लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही. रुग्णाशी त्याच्या बोलीत बोलावे, घरच्यांना उपचारात सोबत घ्यावे, हे लेखिकेचे म्हणणे सोळा आणे खरे. पण उदाहरणे सगळी परदेशातली. आमच्याकडे काय होते ते मी सांगतो.

मुलगा एकोणीस वर्षांचा असताना पुण्याहून अभ्यास सोडून घरी आला. जेवणात काहीतरी कालवलंय, हा एकच धोशा. त्याची आई त्याच्या ताटातला पहिला घास स्वतः खायची, मग तो जेवायचा. शेतातल्या आखाड्यावरच्या शेजाऱ्याचे ऐकून मी दीड महिना एका जाणत्याकडे चकरा मारल्या, अंगारे आणले. शिक्षक असून मी हे केले. या आजारात सुरुवातीचे महिनेच सर्वांत मोलाचे असतात, हे मला तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

मग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. समुपदेशकांनी आम्हा दोघांना बाहेर बसवले. दार अर्धवट उघडे होते. "तुम्हाला श्रवणभ्रम होतात का? विचारांवर बाह्य नियंत्रण जाणवते का?" मुलगा 'नाही' म्हणाला. खोटे बोलला नाही तो, त्याला प्रश्नच कळला नाही. कागदावर 'भास नाहीत' अशी नोंद झाली. आईला एवढेच सांगितले, "गोळ्या वेळेवर द्या, प्रेमाने वागा." रोज त्याचा घास आधी खाणाऱ्या बाईला हे सांगतात! तिला फक्त विचारायचे होते की असा घास खाणे बरोबर की त्याने संशय वाढतो. तेवढाही वेळ कुणी दिला नाही.

थोडे बरे वाटताच त्याने गोळ्या सोडल्या. सहा महिन्यांनी पुन्हा ताट सरकवू लागला. या वेळी दुसरीकडे नेले. तिथल्या एका ताईंनी त्याच्याशेजारी बसून विचारले, "कानात कुणी बोलतंय का रे बाळा? काय म्हणतेत?" तो ढसाढसा रडला आणि सगळे बोलला. ताईंनी आईला आत बोलावले. घासावरून रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सगळे एकाच भांड्यातून घ्या, त्याला त्याच्या हाताने वाढून घेऊ द्या, जेवणावरून वाद नको. मग माझ्याकडे वळल्या. "सर, 'लोळतो', 'नाटकं करतो' असं घरात कोण म्हणतं?" मीच म्हणत होतो. सततच्या टोमण्यांनी, तसेच काळजीपोटी सारखे मागे मागे फिरण्यानेही हा आजार उलटतो, हे अभ्यासकांना कित्येक दशकांपासून माहीत आहे. मला मात्र ते मुलगा दुसऱ्यांदा आजारी पडल्यावर कळले. आज तो आमच्यासोबत जेवतो, भाजी स्वतः वाढून घेतो.

लेखात साताऱ्याचे नावही नाही. तिथे, तसेच गोवा आणि तमिळनाडूत, गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे असेच संशय आणि भास होणाऱ्या आजाराच्या, रुग्णांच्या घरी पाठवले गेले. त्याचे निष्कर्ष २०१४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा लक्षणे आणि अपंगत्व काहीसे अधिक कमी झाले. मग परभणी-हिंगोलीत हे का होऊ नये? राज्याची जुनी चारही प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत. आमच्या वाट्याला निदान घरी येणारे माणूस तरी द्या.

आणखी एक. त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर 'करणी, बाधा, चोवीस तासांत उपाय' अशी जाहिरात आहे. जादूटोणाविरोधी कायदा राज्यात २०१३ पासून आहे. आमच्या शेजाऱ्याने मला जाणत्याचा पत्ता दिला, तोही अशाच एका कात्रणावरून. आपण या जाहिराती घेणे थांबवावे आणि त्या जागेत टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापावा. तिथे मराठीत बोलता येते.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, जि. परभणी
(मुलासाठी नाव छापू नये, ही विनंती.)